हेलसिंकीचे ५०० मार्कांचे नाणे आणि कोल्हापूरचे सात हजार रुपये

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमधून धातूच्या दोन वस्तू इतिहासात उरल्या. पहिली म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे ब्राँझपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरी म्हणजे फिनलंडच्या टांकसाळीने पाडलेले ५०० मार्कांचे चांदीचे नाणे, आधुनिक ऑलिंपिकचे पहिले स्मारक नाणे. पदकाची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. नाण्याची कथा संग्राहकांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. दोन्ही कथा मात्र एकाच प्रश्नापाशी येऊन भेटतात: खेळांचा खर्च कोणी उचलायचा?

हा प्रश्न जुनाच आहे. खेळ आणि नाणे यांचे नातेही तितकेच जुने. इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे सिकंदराचा पिता, याच्या घोड्याने ऑलिंपियाच्या शर्यतीत बाजी मारली. फिलिपने तो विजय आपल्या चांदीच्या नाण्यांवर कोरवून घेतला. घोड्यावर स्वार झालेला तरुण आणि त्याच्या हाती विजयाची फांदी अशी ती छाप आहे. राजाचा पराक्रम बाजारातल्या प्रत्येक व्यवहारात हातोहात फिरावा, हा त्यामागचा हेतू. प्लूटार्कनेही फिलिपच्या या हौसेची नोंद केली आहे. नाणे हे प्राचीन जगातले सर्वांत वेगाने पसरणारे वृत्तपत्र होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात टपाल तिकिटे निघाली, पदके निघाली, बिल्ले निघाले. चलनी नाणे मात्र कोणी काढले नाही. ते काढले फिनलंडने, आणि त्यामागे हौसेपेक्षा गरज अधिक होती.

१९४० चे ऑलिंपिक मुळात टोकियोला होणार होते. जपानने अंग काढून घेतल्यावर ते हेलसिंकीकडे आले आणि महायुद्धाने गिळले. युद्धात फिनलंड सोव्हिएत संघाशी दोनदा लढला, दोनदा भूभाग गमावून बसला, आणि वर ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई त्याच्या माथी बसली. ही भरपाई रोकड्याने द्यायची नव्हती. जहाजे, यंत्रे, तारा, लाकूड अशा मालाच्या रूपाने ती फेडायची होती. फेड संपली ती १९५२ च्या सप्टेंबरात, म्हणजे ऑलिंपिकची मशाल विझल्यानंतर. कर्जाचे शेवटचे हप्ते भरता भरता या छोट्या देशाने जगाला पाहुणचारासाठी बोलावले होते.

त्या काळातले हे नाणे. वजन १२ ग्रॅम, व्यास ३२ मिलिमीटर, चांदी निम्मी आणि उरलेले तांबे, जस्त व निकेल. एका बाजूला ऑलिंपिकची पाच वर्तुळे, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेढ्यात मूल्य. हुपरीच्या एखाद्या जाणत्या चांदी कारागिराने ते कसोटीला लावले असते, तर कस पाहून नाक मुरडले असते. पण या नाण्याचे सारे मर्म त्या कसातच आहे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका नाण्यात शुद्ध चांदी ६ ग्रॅम. त्या वर्षी जागतिक बाजारात चांदी औंसाला ८५ सेंटच्या आसपास होती, म्हणजे नाण्यातल्या चांदीची किंमत १६-१७ सेंट. उलट ५०० मार्का म्हणजे तेव्हाच्या दराने दोन डॉलरहून थोडे अधिक. १९५१ चा छाप असलेली १८,५०० आणि १९५२ चा छाप असलेली ५,८६,५०० अशी मिळून सहा लाखांवर नाणी पडली. दर्शनी मूल्याने ती सुमारे १३ लाख डॉलरची होतात. त्यांत गेलेली चांदी जेमतेम एक लाख डॉलरची. घडणावळ आणि इतर धातू वजा केले तरी उरणारा फरक हा सरकारचा नफा. नाणे जोवर कोणाच्या तरी कपाटात आठवण म्हणून पडून राहते, तोवर तो नफा परत द्यावा लागत नाही. आठवण विकत घेणारा माणूस नकळत खेळांच्या खर्चाला वर्गणी देऊन जातो. कराचा शब्दही उच्चारावा लागत नाही.

वर्गणी हा शब्द आला की गोष्ट कोल्हापुरात येते.

कोल्हापुरात कुस्तीचा खर्च कोण करतो, हे सांगायला कोणाला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागत नसे. दरबार करी. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबपासूनचे मल्ल पदरी बाळगले, पेठापेठांतल्या तालमींना आधार दिला आणि खासबागेचे मैदान बांधले. १९१२ मध्ये ते पुरे झाले. रोममधले कलोझियम पाहून आल्यावर महाराजांच्या मनात या मैदानाची कल्पना आली, असे सांगतात. हौद्यातली लाल माती मधोमध आणि चहूबाजूंनी चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा, अशी त्याची रचना आहे.

नाण्याचे आणि कुस्तीचे नाते तर गावोगावच्या जत्रेत रोकडे दिसते. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रुपयांवर; आणि कुस्ती किती रुपयांची यावरून मल्लाची प्रत ठरते. फिलिपने घोड्याचा विजय नाण्यावर कोरला. इकडे मल्लाची किंमतच नाण्यांत मोजली जाई. दुसरी रीत अधिक प्रामाणिक म्हणायला हरकत नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. कराडच्या टिळक हायस्कूलमधून खाशाबा कोल्हापुरात आले, राजाराम महाविद्यालयात शिकले आणि तालमीत तयार झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी ही त्यांच्या वस्तादांची नावे. अंगलट लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे मार्गदर्शन केले. मातीतली पकड मॅटवर कुठे निसटते, हे लंडनने त्यांना शिकवले.

लंडन आणि हेलसिंकी यांच्या मधल्या चार वर्षांत एक मोठी घटना घडली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरणाची चर्चा राजकारणाच्या अंगाने पुष्कळ होते. तालमींच्या अंगाने ती कमी होते. दरबार गेला तसा मल्लाच्या खुराकाचा, प्रवासाचा आणि इनामाचा हक्काचा आश्रयदाता गेला. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या सरकारकडे शाळा, धरणे, धान्य, निर्वासित असे डोंगराएवढे प्रश्न होते. परदेशी स्पर्धेला खेळाडू पाठवायचा तर पैसा कोणत्या खात्यातून काढायचा, याची रीतच अजून पडलेली नव्हती. जुना दरवाजा बंद झाला होता आणि नवा उघडायचा होता. खाशाबा नेमके त्या मधल्या उंबऱ्यावर उभे होते.

आधी निवडीचा झगडा झाला. संघाच्या निवडीत आपल्याला डावलले गेले, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून संघात जागा मिळवली. मग पैशांचा प्रश्न उभा राहिला.

राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या रकमेचे वजन आज सहजी ध्यानात येत नाही. तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला ९० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ही रक्कम पाऊणशे तोळे सोन्याच्या मोलाची. एका प्राचार्याने एका विद्यार्थ्याच्या कुस्तीवर एवढे डावावर लावले. उरलेले लोकांनी दिले. गोळेश्वर-कराडच्या परिसरातून आणि कोल्हापुरातून वर्गणी गोळा झाली. दुकानदारांनी दिले, मित्रांनी दिले, ज्याला जे जमले ते त्याने दिले.

त्या वर्गणीतली नाणी कशी होती, याची कल्पना करता येते. दशमान पद्धत यायला अजून पाच वर्षे होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. १९५० पासून प्रजासत्ताकाची नवी नाणी निघत होती, त्यांवर अशोकस्तंभ होता. आणि पाचव्या-सहाव्या जॉर्जचे मुखवटे असलेली जुनी नाणीही बाजारात चालत होती. भारताने स्मारक नाणे असे तोवर काढलेलेच नव्हते. पहिले निघाले १९६४ मध्ये, पंडित नेहरूंच्या निधनानंतर.

हेलसिंकीच्या एका नाण्याची किंमत त्या वेळच्या विनिमय दराने साधारण दहा रुपये पडत होती. खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभी केलेली रक्कम म्हणजे अशी जवळजवळ सातशे नाणी. एकीकडे एक देश आपल्या टांकसाळीतून सहा लाख आठवणी पाडून खेळांचा खर्च भागवत होता, आणि दुसरीकडे एक शहर आणे-रुपये जमवून एक माणूस त्या खेळांना पाठवत होते. तत्त्व एकच, ओझे अनेकांच्या खिशांत वाटून टाकण्याचे. फरक पावतीचा होता. फिनलंडच्या वर्गणीदाराच्या हाती चांदीचे नाणे राहिले. कोल्हापूरच्या वर्गणीदाराच्या हाती काहीच राहिले नाही.

हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्त्या २० ते २३ जुलै या काळात झाल्या. खाशाबा बँटमवेट गटात, ५७ किलोंत लढले. कॅनडाच्या पोलिक्विनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत लांबली आणि खाशाबा ती हरले. लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला त्यांना बोलावले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे नेहमी सांगितले जाते. दमलेले खाशाबा तीही लढत हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. कोल्हापूरचेच मल्ल माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचे नाव आज कोणाच्या ओठी नसते. चौथ्या क्रमांकाला धातू मिळत नाही.

परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पाव तासाची वाट सरायला सात तास लागले. ढोल-लेझीम, गुलाल, सत्कार सारे यथासांग झाले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, इनामाची रक्कम साठवली आणि खर्डेकरांचे पैसे फेडून त्यांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदकविजेत्याने आपल्या ऑलिंपिकचे कर्ज जत्रेच्या रिवाजाने, रुपयांच्या कुस्त्या मारून फेडले.

हेलसिंकीच्या नाण्याने मात्र जगाला एक वाट दाखवली. १९६४ मध्ये टोकियोने १००० आणि १०० येनची चांदीची नाणी काढली. १००० येनच्या नाण्यावर फुजी पर्वत आणि चेरीची फुले होती. जपानचे हे पहिले स्मारक नाणे. १९६८ मध्ये मेक्सिकोने २५ पेसोंच्या नाण्यावर प्राचीन चेंडूफळीचा खेळाडू आणला. १९७२ च्या म्युनिकच्या नाण्यावर तर राजकारणच उमटले. पहिल्या छापात स्पर्धा ‘जर्मनीत’ होत असल्याचे कोरले होते. त्यावर पूर्व जर्मनीने हरकत घेतली. स्पर्धेचा मान शहराला मिळतो, देशाला नाही. आणि ‘जर्मनी’ या नावावर एकट्या पश्चिम जर्मनीचा हक्क कसा? शेवटी शब्द बदलून ‘म्युनिकमध्ये’ असे कोरलेली दुसरी आवृत्ती काढावी लागली. एका शब्दासाठी ठसे बदलण्याची ही हकीकत नाणेसंग्राहक आजही चवीने सांगतात.

माँट्रियालने १९७६ साठी चांदीच्या तब्बल २८ नाण्यांची मालिका काढली. अपेक्षेइतका पैसा त्यातून आला नाही, आणि त्या ऑलिंपिकचे कर्ज फेडायला शहराला २००६ साल उजाडले. आठवण विकायलाही मर्यादा असते. अठ्ठावीस आठवणी कोणी विकत घेत नाही.

भारताची पाळी आली १९८२ मध्ये. दिल्लीच्या नवव्या आशियाई स्पर्धांसाठी २५ पैसे, २ रुपये, १० रुपये आणि १०० रुपये अशी चार नाणी निघाली. छाप स्पर्धेच्या बोधचिन्हाचा, म्हणजे जंतरमंतरच्या वास्तूचा. १०० रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आणि निम्म्या चांदीचे, म्हणजे कस नेमका हेलसिंकीचाच. १० आणि १०० रुपयांची नाणी संग्राहकांसाठी होती. २५ पैसे आणि २ रुपयांची बाजारात आली. दोन रुपयांचे नाणेच मुळी स्वतंत्र भारताच्या चलनात त्या वर्षी नवे होते, त्यामुळे कित्येकांच्या हाती पडलेले पहिले दोनरुपयी नाणे आशियाई स्पर्धांचे होते. पंचवीस पैशांचे नाणे लोकांनी बस-कंडक्टरकडून घेतले, भाजीवाल्याला दिले. फिलिपला अभिप्रेत असलेला खेळ पुन्हा सुरू झाला. पुढे २०११ च्या जूनअखेर २५ पैसे चलनातूनच बाद झाले.

त्याच आशियाई स्पर्धांच्या मशाल दौडीत खाशाबा धावले. तोवर पोलीस खात्यातली त्यांची नोकरी संपली होती. १९५५ मध्ये उपनिरीक्षक म्हणून ते रुजू झाले होते. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. देशाने खेळांच्या नावाने नाणी पाडली त्या वर्षी, देशाचा पहिला वैयक्तिक पदकविजेता हयात होता, हाती मशाल घेऊन धावत होता, आणि नाण्यावर जंतरमंतर होते. दिल्लीच्या स्पर्धेसाठी दिल्लीची वास्तू घेण्यात गैर काही नाही. बोधचिन्ह तेच होते. पण १०० रुपयांच्या नाण्यावर दुसरी एखादी छापही शोभली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले.

मान मिळत गेले ते नंतर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात मिळाला, अर्जुन पुरस्कार २००० सालचा, दोन्ही मरणोत्तर. हयातीत पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. त्याच स्पर्धांच्या २ आणि ५ रुपयांच्या स्मारक नाण्यांवर पुन्हा बोधचिन्हच होते. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवणारे स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलेच.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छापत्र दिले आहे. अशा प्रसंगी स्मारक नाण्यांचा प्रस्ताव येणे आता रिवाजाचे झाले आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाण्याचे मूल्य, धातू, आकार आणि छाप ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा; राजपत्रात अधिसूचना निघते आणि मग टांकसाळीत ठसे बनतात. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धांच्या यादीत कुस्ती नाही.

हेलसिंकीचे १९५२ छापाचे नाणे आजही युरोपातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानांत फार महाग मिळत नाही. सहा लाखांच्या घरात पडले होते ते. १९५१ छापाचे शोधणाऱ्याला मात्र बरेच पैसे मोजावे लागतात. १८,५०० च पडली होती.